सरणाच्या रेघा

माझ्या बापाला उधारी मागता येत नव्हती, हे साऱ्या हिंगणघाटाला ठाऊक होतं. ज्यांना त्याचा फायदा होत होता त्यांना तर जरा जास्तच ठाऊक होतं. नाव रूपराव वांदिले. वणा नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. दोन बाजूंना बांबूच्या तट्ट्याचं कुंपण, समोर रस्ता आणि मागच्या बाजूला विटांची एक लांब भिंत. मधोमध साखळ्यांचा मोठा काटा टांगलेला. काट्याजवळच्या खाटेवर बाबा बसायचे आणि आल्यागेल्याला रामराम करायचे. मोजमापात मात्र चोख. एका पारड्यात मणाची वजनं, दुसऱ्यात लाकूड, आणि काटा सरळ झाला की वर आणखी एक फाटा. तो वरचा फाटा पाहून माझा जीव जळायचा.

टालीवर दोन प्रकारचं गिऱ्हाईक यायचं. एक चुलीसाठी, लग्नाच्या स्वयंपाकासाठी, हॉटेलच्या भट्टीसाठी लाकूड नेणारं. त्यांची उधारी वहीत लिहिली जायची, आणि वही दाखवून ती मागताही यायची. दुसरं गिऱ्हाईक घाटावर जाणारं. त्यांची रीत वेगळी होती, आणि ती माझ्या आज्यानं घालून दिली होती.

जिवंत माणसांच्या वहीत मेलेल्याचं लाकूड लिहायचं नाही, ही पहिली गोष्ट. सरणाचं लाकूड तोलून गाडीत भरलं की बाबा कोळशाचा तुकडा घेऊन मागच्या भिंतीवर एक आडवी रेघ ओढायचे आणि तिच्याखाली जितके मण तितक्या उभ्या रेघा. नाव नाही, गाव नाही. तेरवीच्या आत घरचा माणूस यायचा, ज्यानं अग्नी दिला तोच. तो पैसे द्यायचा आणि स्वतःच्या तळहातानं त्या रेघा पुसायचा. मग रांजणातल्या पाण्यानं हात धुवायचा आणि घरी जायचा. दुसऱ्या कोणी त्या पुसायच्या नाहीत, टालवाल्यानं तर नाहीच. आणि टालवाल्यानं मागायला जायचं नाही. का, तर आजा म्हणे, "ज्याच्या घरचं मानूस गेलं त्याच्या दारात लाकूडवाला उभा राह्यला, तं त्याले वाटते हा दुसऱ्या सरनाची आर्डर घ्याले आला."

मी आठ वर्षांची असताना माझी आई गेली. बाबांनी तिचं लाकूड स्वतः तोललं आणि भिंतीवर आठ रेघा ओढल्या. बाराव्या दिवशी घरच्या डब्यातून बत्तीस रुपये काढले, टालीवर आणले, गल्ल्यात टाकले आणि हातानं रेघा पुसल्या. मी काट्याच्या पारड्यात बसून झोके घेत होते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालणारा बाप पाहून मला हसू आलं होतं. प्रेमदासनं मला दटावलं. प्रेमदास आमच्याकडे लाकूड फोडायला होता, नालवाडीहून लग्न करून इकडे सासुरवाडीला राहायला आलेला. त्यानं मला पारड्यातून उतरवलं आणि म्हणाला, "हासू नोको नलूबाई. बाबा तुह्या मायले मोकयं करून राह्यले."

बहात्तरच्या दुष्काळापर्यंत सगळं बरं चाललं होतं. वहीतली उधारी वसूल व्हायची आणि भिंतीवरची सावकाश का होईना पुसली जायची. मग घराघरात रॉकेलचे स्टोव्ह आले, चार पैसेवाल्यांकडे गॅस आला, हॉटेलवाल्यांनी कोळशाच्या भट्ट्या केल्या. जंगलातल्या डेपोचं लाकूड दरवर्षी महाग व्हायला लागलं. चुलीचं गिऱ्हाईक हळूहळू गेलं आणि घाटाचं तेवढं राहिलं, कारण माणसं मरायची काही थांबली नव्हती. म्हणजे ज्या लाकडाचे पैसे मागता येत होते ते खपेना, आणि जे खपत होतं त्याचे पैसे मागायची सोय नव्हती. हा धंदा कसा चालायचा हे बाबांनी एकदाही कोणाला विचारलं नाही. ते खाटेवर बसून भिंतीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "येतीन."

मॅट्रिक झाल्यावर मी टालीचा हिशोब हातात घेतला. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, आणि जगात अक्कल फक्त मलाच आहे अशी माझी खात्री होती. मी खर्चाला हात घातला. प्रेताबरोबर आलेल्या लोकांना टालीवर चहा मिळायचा, तो बंद केला. घाटापर्यंत बैलांची बंडी फुकट जायची, तिचं भाडं लावलं. काट्यावरचा तो वरचा फाटा मी उचलून परत ढिगावर टाकायला लागले. बाबा नुसते पाहायचे. एकदा मात्र बोलले. "जयताना कमी पडलं तं परत घ्याले कोन येईन वं? फाटा राहू दे." मी ऐकलं नाही. शेवटी मी प्रेमदासला अर्ध्या दिवसावर आणलं. अठरा वर्षं ज्यानं आमची लाकडं फोडली त्याला मी बोटं मोजून सांगितलं की दुपारनंतर यायचं नाही. तो हो म्हणाला आणि कुऱ्हाड जागेवर ठेवून गेला. त्या अर्ध्या दिवसाची मजुरीही आमच्याकडे दोन-दोन आठवडे थकायची.

एकोणऐंशीच्या एप्रिलमध्ये चंद्रभान आला. चांद्याकडच्या डेपोतून आम्हाला ट्रकनं लाकूड आणून देणारा हाच. त्याचे आमच्याकडे अठ्ठावीसशे रुपये थकले होते. माणूस वाईट नव्हता, त्याच्या मागे ट्रकचे हप्ते होते. खाटेवर बाबांच्या शेजारी बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "रूपरावजी, मे सरेपर्यंत थांबतो. मंग मात्र काटा अन् पडलेलं लाकूड घेऊन जाईन. पुढचा ट्रक तं येतच नाई. मी तरी काय करू, तुमीच सांगा."

बाबा म्हणाले, "देतो."

"कोठून देता?"

बाबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. चंद्रभाननं त्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उठला.

तो गेल्यावर मी रेघा मोजल्या. एकसष्ट सरणं न पुसलेली होती. जुनी स्वस्त आणि नवी महाग धरूनही साडेचार हजारांच्या वर रक्कम होत होती. काट्याशिवाय टाल म्हणजे रिकामं आवार. काटा गेला की टाल गेली, आणि टाल गेली की आम्हा दोघांना खायला काही नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मी जाते मागायला. तुम्ही नका जाऊ."

"नाई."

"लोकं विसरले असतील."

"बापाले जायलेलं कोनी विसरते काय?" ते म्हणाले. "हात मोकया नसन त्याईचा. येतीन."

मला इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. देणेकरी मजेत होते. त्यांच्यातले काही रोज टालीवरून जायचे आणि बाबांना रामराम घालायचे. एकानं तर नवी सायकल घेतली होती. आणि आम्ही घरी तेल वाचवायला भाजीला फोडणी द्यायचं सोडलं होतं.

मग मी डोकं चालवलं. भिंतीवर नावं नव्हती, पण बाबांच्या डोक्यात सगळी होती. दुपारी लाडात येऊन मी विचारायचे, "बाबा, ही कोणाची हो?" आणि ते सांगायचे. फार आवडीनं सांगायचे. कोणाचा बाप, कोणत्या साली गेला, पाऊस होता की ऊन, अग्नी कोणी दिला, खांदेकरी कोण. मी दुपारी दहा ऐकायचे आणि घरी जाऊन दहा वहीत लिहायचे. आठवड्याभरात वही तयार झाली. काही घरं गाव सोडून गेली होती, काहींत कोणी उरलं नव्हतं. एकोणपन्नास पत्ते हाती लागले. बाबांना वाटलं पोरीला आता रीत कळायला लागली. एकदा ते कौतुकानं प्रेमदासला म्हणाले, "पाह्य, इले समदे पाठ झाले."

मी पोस्टातून पंधरा पैशांची कार्डं आणली. पहिली दहा साधीच टाकली. "आपल्या वडिलांच्या सरणाचे लाकूड आठ मण, बाकी रुपये ऐंशी, आठ दिवसांत आणून द्यावे. रूपराव वांदिले, लाकूड टाल, हिंगणघाट." सही बाबांच्या नावानं मीच केली. आठ दिवस वाट पाहिली. एकही माणूस आला नाही. दीड रुपया पाण्यात गेला. कार्डं चुलीत गेली असतील, नाहीतर वाळवणाखाली.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. आमच्याकडे मरणाची बातमी कळवायची तर पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडून टाकतात. तसलं कार्ड कोणी घरात नेत नाही. अंगणातच उभ्या-उभ्या वाचतात आणि वाचल्याबरोबर फाडतात. ज्याला वाचता येत नाही तो वाचणारा शोधत धावतो. कोपरा फाटलेलं कार्ड बाजूला ठेवून द्यायची या जगात कोणाची छाती नाही. मला वाटलं, आपण खोटं काय करतो? पत्र मेलेल्या माणसाबद्दलच तर आहे.

पंचवीस कार्डं लिहिली आणि पंचविसांचे कोपरे फाडले. ते तुकडे ओंजळीत घेऊन चुलीत टाकले. मी गाणं गुणगुणत होते. ते मला अजून आठवतं.

तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. नऊ दिवसांत एकोणीस जण आले. पंधराशे साठ रुपये जमले. भिंत मधूनमधून राखाडी दिसायला लागली, तळहातांचे फराटे उमटलेली. बाबांचा तर चेहराच बदलला. प्रत्येकाला ते बसा म्हणत होते, पण बसत कोणी नव्हतं. नोटा खाटेवर ठेवायचे, भिंतीकडे जायचे, पुसायचे, आणि हातही न धुता निघायचे. नगरपालिकेत कारकून असलेले बाबाराव एवढंच म्हणाले, "रूपरावजी, मांगाचं होतं तं तोंडानं मांगाचं होतं. माह्या बायकोनं आक्रोश केला ना राजेहो." बाबांना काही कळलं नाही. बाबाराव गेल्यावर ते मला म्हणाले, "याले काय झालं? मी कधी मांगतलं?" मी म्हटलं, "उशीर झाला म्हणून शरमले असतील." बाबा म्हणाले, "होय. मी सांगत होतो ना तुले, लोकं याद ठेवतात." आणि त्या दिवशी त्यांनी मला आणि प्रेमदासला हॉटेलातून आलूबोंडे आणून खाऊ घातले. रूपराव वांदिले आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरला होता. त्याच्या तोंडचा तो घास मी काढून घेतला नाही. घ्यायला हवा होता.

प्रेमदासला मात्र कळलं. त्याच्या वस्तीतल्या एका घरी माझं कार्ड गेलं होतं, आणि तिथे ते त्यानंच वाचून दाखवलं होतं. माझं अक्षर तो ओळखत होता. दुसऱ्या दिवशी बाबा नदीवर गेलेले पाहून तो कुऱ्हाड टेकवून माझ्यासमोर उभा राहिला.

"नलूबाई, हे बरं नाई केलं तुमी."

"काय केलं?"

"त्या घरी तीन बायका छाती पिटून राह्यल्या होत्या. मी वाचेपर्यंत त्याईचा जीव कोठं होता, तुमाले मालूम हाय काय? आता हे बंद करा."

"आणि तुमची मजुरी कोठून देऊ?" मी म्हटलं. "तेवढं सांगा, मग बंद करते."

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग पुन्हा ओंडक्याकडे वळला. त्याचे तेव्हा एकोणीस रुपये आमच्याकडे थकले होते, आणि गल्ल्यात पंधराशे साठ पडले होते. मी ते चंद्रभानसाठी बाजूला बांधून ठेवले होते.

खर्च कापून मी साडेचारशे वाचवले होते. म्हणजे सातशे नव्वद कमी पडत होते आणि मे महिन्याचे बारा दिवस उरले होते. वहीत चौदा पत्ते बाकी होते. मी चौदा कार्डं आणली. प्रेमदासनं सांगितल्यानंतर आणली, हे मुद्दाम लिहिते. कोणी म्हणेल पोर होती, तिला समजलं नाही. मला समजलं होतं.

त्यातलं एक कार्ड वडनेरला गेलं. पत्ता बंडूजीच्या नावाचा. बंडूजीचा बाप तीन वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या दवाखान्यात वारला होता, म्हणून त्याला इथंच घाटावर नेलं, आणि लाकूड आमच्या टालीवरून गेलं. बाबांनी मला ते सगळं सांगितलं होतं. बंडूजी जिनिंगमध्ये हंगामी कामाला होता. पुढे काम सुटलं आणि तो चांद्याकडे कोळशाच्या खाणीत गेला. जाताना टालीवर येऊन बाबांना म्हणाला होता, "काकाजी, रेघ राहू द्या, मी येतो." वडनेरच्या घरी त्याची माय एकटी राहत होती. आनंदाबाई तिचं नाव.

आनंदाबाईला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी अर्धं गाव शेजारच्या खेड्यात लग्नाला गेलं होतं. पोस्टमनला दारात कोणी दिसलं नाही. असलं कार्ड वाचून दाखवायची पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून त्यानंही ते उंबऱ्यावर ठेवलं असेल आणि सायकल हाणली असेल. म्हातारी परसातून आली. तिला अक्षर दिसलं नाही, कोपरा दिसला. तिचं बाहेरगावी असलेलं माणूस एकच होतं, आणि ते जमिनीखाली काम करत होतं.

कार्ड घेऊन ती दोन-तीन घरी गेली. एका घरी लहान लेकरं होती, एका घरी कुलूप. मग ती हमरस्त्यावर आली. बस निघून गेली होती. हिंगणघाटला तिच्या बहिणीचा मुलगा होता, शाळा शिकलेला. तिनं त्या उन्हात हिंगणघाटची वाट धरली. वैदर्भी मे महिना, दुपारचा एक वाजलेला, डोक्यावर पदर आणि पायात काही नाही. पाच-सहा कोसांवर हिंगणघाट. तीनएक मैल चालली असेल. एका ट्रकवाल्याला ती बाभळीच्या बुडाशी पडलेली दिसली. त्यानं तिला दवाखान्यात आणून टाकलं. संध्याकाळच्या आत ती गेली. मुठीत कार्ड होतं. दवाखान्यातल्या माणसानं त्यावरचा पत्ता पाहून माणसं शोधली आणि बंडूजीला तार गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी दिसला तो बंडूजी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो टालीवर आला. डोळ्यांच्या कडांना कोळसा तसाच, बहुतेक पाळीवरून उठून थेट निघाला होता. बाबा उठून उभे राहिले.

"काऊन रे बंडूजी? कोन?"

"माय."

बाबांनी "अरे अरे" केलं आणि काट्याकडे वळले. बंडूजीनं खिशातून कार्ड काढलं. चुरगळलेलं, घामानं शाई पसरलेलं. "काकाजी," तो म्हणाला, "हे तुमी धाडलं काय? तुमचं नाव हाय यावर."

बाबांना वाचायला वेळ लागायचा. त्यांनी कार्ड लांब धरलं, ओठ हलवत एक एक शब्द वाचला. मग अंगठा त्या फाटलेल्या कोपऱ्यावरून फिरवला. दोनदा फिरवला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काट्याची साखळी धरून उभी होते. मला वाटलं ते ओरडतील, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

"होय," बाबा बंडूजीला म्हणाले. "माह्याच टालीवरून गेलं."

बंडूजी भांडला नाही. त्याच्यात ताकद नसावी. त्यानं खिशातून नोटा काढल्या, ऐंशी रुपये मोजून खाटेवर ठेवले आणि भिंतीकडे गेला. आपल्या बापाच्या रेघा त्याला ओळखू येईनात. बाबांनी जवळ जाऊन बोटानं दाखवल्या. त्यानं त्या तळहातानं पुसल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, काही राहू दिलं नाही. मग म्हणाला, "आता मायचं किती होते ते सांगा. तेही आत्ताच घ्या. मले भितीवर नाई ठेवाचं."

बाबांनी लाकूड तोललं. आठ मण झालं, मग वरचा फाटा टाकला, मग आणखी एक पूर्ण मण टाकला. प्रेमदासनं बंडी भरली. बंडूजी पुन्हा नोटा मोजायला लागला तेव्हा बाबांनी त्याची मूठ बंद केली.

"हे लाकूड तुह्या नावावर नाई," ते म्हणाले.

"मंग कोनाच्या?"

"तू जाय. मायले ऊन नोको लागू देऊ आता."

बंडी रस्त्याला लागली. प्रेमदास बैलांपुढे चालत होता. आवारात आम्ही दोघंच उरलो. बाबांनी जमिनीवरचा कोळसा उचलला आणि भिंतीवर आडवी रेघ ओढली. खाली नऊ उभ्या रेघा ओढल्या, सावकाश, एकसारख्या. मग कोळसा माझ्या हातात दिला.

"हे तुही," ते म्हणाले.

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

चंद्रभानचे पैसे मी महिनाअखेरीला फेडले. काटा वाचला. बंडूजीचे ऐंशी रुपयेही त्यातच होते. पण कार्डाची गोष्ट आठ दिवसांत गावभर झाली आणि लोकांनी आमच्या टालीकडे पाठ फिरवली. घरात कोणी आजारी असलं तर बायका आमच्या रस्त्यानं यायच्या नाहीत. प्रेतयात्रा आमच्या समोरून जायची, आणि लाकडाची बंडी पुलापलीकडच्या दुसऱ्या टालीवरून यायची. बाबा खाटेवरून उठून हात जोडायचे, आणि लोक समोर पाहत चालायचे. ज्या माणसानं जन्मात कोणाच्या दारात उधारी मागितली नाही, तो मेलेल्यांच्या नावानं पैसे उकळणारा ठरला. आपण ते लिहिलं नाही, हे त्यांनी एकदाही कोणाला सांगितलं नाही. मला ते सांगायला हवं होतं, दवंडी पिटून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. माझं लग्न व्हायचं होतं.

प्रेमदासचे एकोणीस रुपये मी दिले. त्यानं ते घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून जिनिंगमध्ये हमालीला गेला.

पुढे मला शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगारातले नव्वद रुपये मी बाबांच्या हातावर ठेवले. म्हटलं, "नऊ मणांचे. आता पुसू?" त्यांनी पैसे परत माझ्या हातात दिले.

"मले कायले देतं? टालीचं नाई हे."

"मग कोणाला देऊ?"

"मले मालूम असतं," ते म्हणाले, "तं मीच नसते का देल्ले?"

मी वडनेरला गेले. घराला कुलूप होतं. बंडूजी खाणीतच राहिला होता, गावात त्याचं कोणी उरलं नव्हतं. परत येताना मी ती बाभळ शोधली. त्या रस्त्यावर बाभळी फार आहेत.

ब्याऐंशीत टाल विकली. घेणाऱ्यानं तिथं सिमेंटच्या पाइपांचं दुकान टाकलं. मी त्याला विनवलं होतं की मागच्या भिंतीला हात लावू नका. तो हो म्हणाला आणि पहिल्याच दिवाळीला त्यानं भिंत चुन्यानं पांढरी केली. त्याचं तरी काय चुकलं? दुकानदाराला काळी भिंत कशाला हवी? मी रस्त्यात उभी राहून पाहिलं. न पुसलेली तीसेक सरणं होती, आणि त्यांत माझं एक. सगळ्यांवर चुना चढला होता, आणि हात भलत्याचाच लागला होता.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत ते बोलायचे थोडं. एका दुपारी त्यांनी विचारलं, "नलू, शायेतून येताना टालीवरून येतं काय?"

"येते."

"भित पाह्यली?"

"पाहिली."

"हाय काय ते?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. "राहू दे," म्हणाले आणि कुशीवर वळले. दोन दिवसांनी ते गेले.

त्यांचं लाकूड आणायला मी स्वतः गेले, पुलापलीकडच्या टालीवर. बाई माणूस आलेलं पाहून मालक जरा गोंधळला. त्यानं आठ मण तोललं आणि पारडं सरळ झाल्याबरोबर थांबला. मी म्हटलं, वर एक मण घाला, त्याचे पैसे धरा. त्यानं घातलं. वही उघडून नाव विचारलं. मी रूपराव वांदिले सांगितलं. त्यानं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. मी पैसे मोजून दिले आणि त्यानं पावती फाडून दिली. मी हातात पावती धरून तशीच उभी राहिले. तो म्हणाला, "झालं बाई, काही बाकी नाई." त्याच्या टालीला चारी बाजूंनी तट्टेच होते. पुसायला तिथं काही नव्हतं.